लाल दांड्या आणि झोळीची दोरी

तुळसाबाईनं माझ्या दांडीला नमस्कार केला तेव्हा खरं म्हणजे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी ओरडून सांगितलं होतं, "तुळसाबाई, समजा तुमचा पदर रोलरात गेला. मशीन बंद करा!" हंगाम सुरू व्हायचा होता, कापसातून सरकी काढायची जिनं रिकामीच फिरत होती, सगळी चाचणी होती. तुळसाबाईनं आधी पायातल्या चपला काढल्या. मग खांबाजवळ जाऊन लाल दांडीला दोन बोटं लावली, ती कपाळाला लावली, आणि वळून हाक मारली, "मुकादम, मशीन बंद करा हो!" तेवढ्या वेळात तिचा पदरच काय, खांद्यापर्यंत हात सरकीत गेला असता. शेठ हसला. रतनसिंग मुकादम त्याच्याहून मोठ्यानं हसला, कारण शेठ हसला की हसायचं हे त्याच्या कामातच धरलेलं होतं. तुळसाबाईनंतर हिरीबाई आली. तिनं दांडीसमोर ओढणी पुढं ओढून घेतली, सासऱ्यासमोर घेतात तशी, आणि लाजून उभीच राहिली. मी म्हणालो, अहो ओढा ना ती. ती म्हणाली, "मी कशी ओढू? पूजा झाली ना तिची." तेव्हा मी दांडीकडे नीट पाहिलं. तिच्यावर शेंदूर होता, वाळलेली झेंडूची माळ होती, खाली नारळाच्या करवंटीचा तुकडा होता. दसऱ्याला तेलपाणी करणाऱ्या देवलानं जिनांची पूजा केली तेव्हा माझ्या सगळ्या लाल दांड्यांची पण करून टाकली होती. लाल दिसलं की शेंदूर चढवायचा, त्याला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

आता या दांड्या माझ्या होत्या म्हणजे किती माझ्या होत्या ते सांगितलं पाहिजे. मी अमरावतीहून पदविका घेऊन आलो आणि कारंज्याच्या या जिनात वीज बघायला लागलो, ते साल चौऱ्याहत्तर. इथं मशीन बंद करायची रीत अशी, की बाईनं ओरडायचं, रतनसिंगनं ऐकायचं, त्यानं हात हलवायचा, आणि भिंतीपलीकडच्या मोटरवाल्यानं तो हात बघायचा. पट्ट्यांच्या खडखडाटात शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही, तर रतनसिंगला काय येणार कप्पाळ! म्हणून मी खांबाखांबाला एकेक लोखंडी दांडी लावली. दांडी खाली ओढली की मोटर बंद, आणि मुख्य शाफ्टवर लाकडी ब्रेक. तारा मी ओढल्या, ब्रेक मी बसवला, रंग मी दिला. पुस्तकात लिहिलं होतं, धोक्याच्या वेळी वापरायची वस्तू लाल असावी, ठळक असावी, डोळ्यांच्या उंचीवर असावी. तशीच होती. पहिली दांडी बसली त्या दिवशी मी तिच्याकडे मागं सरून, पुढं येऊन, डोकं तिरपं करून पाहत राहिलो होतो. एवढा आनंद मला पदविका मिळाल्यावर सुद्धा झाला नव्हता.

आणि हे सगळं मी कोणासाठी केलं होतं, ती बाई त्या सकाळी रांगेत तिसरी उभी होती. माझी माय, भागिरथा. मी शाळेत असताना याच जिनानं तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी नेली. ती सांगायची, "मी वरडली ना बापा. पन माहा आवाज मशीननं खाल्ला." बोट गेलं याचं तिला फार वाटलं नव्हतं. आवाज खाल्ला याचं वाटलं होतं. ते वाक्य मी अमरावतीच्या वसतिगृहात कितीतरी वेळा उशीखाली घेऊन झोपलो. तर ती माय पुढं आली. माझी छाती उगाच फुगली, कारण आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून देव नाहीत, नमस्कार नाहीत. निदान ही तरी दांडी दांडीसारखी ओढेल. मी ओरडलो, "माय, पदर अडकला!" माय दांडीपर्यंत गेली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. एकात एक गुंतवून घट्ट धरले. मी म्हणालो, ओढ. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माफी होती आणि हट्टही होता. शेठ आता हसला नाही. तो म्हणाला, "इंद्रभान, दिवाळीनंतर गाड्या सुरू होतीन. तवरोक बायांच्या हाताले जमलं तर ठेवू हे. नाई तर काढून टाक सारं, एक बटन रतनसिंगच्या खोलीत लाव, अन् खतम कर किस्सा." रतनसिंगच्या खोलीत, म्हणजे पुन्हा तेच. बाईनं ओरडायचं आणि मशीननं खायचं.

संध्याकाळी माय भाकरी थापत होती आणि मी चुलीशी बसून भांडत होतो. "काहून नाही ओढली? तुळसाबाईचं ठीक आहे, तिचा देव आहे. तुझा कोण आहे?" ती म्हणाली, "देवाले हात लावाचा नाई, असं ठरवलं ना आपन?" मी म्हणालो, देव कुठला माय, लोखंड आहे, मी रंगवलं आहे, तुझ्यासमोर रंगवलं. भाकरी तव्यावर पडली. तिनं पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मले माहीत हाय रे तू रंगवलं. माह्या हाताले माहीत नाई." मग ती आसेगावचं बोलायला लागली, तिच्या लहानपणचं, बांधावरच्या निंबाखाली शेंदराचा धोंडा होता तिथलं. ती चार-पाच वर्षांची असेल, धोंड्याखाली फुटलेल्या नारळाचं खोबरं पडलं होतं, तिनं हात पुढं केला, आणि तिच्याच आईनं असा काही हातावर मारला की खोबरं राहिलं बाजूला. गावातल्या कोणी मारण्याआधी आईनं मारलेलं बरं, असा तो हिशेब. ती हे हसत सांगत होती. मी हसलो नाही, कारण मला माझं आठवलं. तोच निंब, तोच धोंडा, आणि मायनंच माझा हात मनगटाला धरून मागं ओढलेला. मी विसरलो होतो. पण आता हेही आठवलं, की दांड्या रंगवताना मी ब्रश अगदी टोकाशी धरला होता, लांबून, हात लागणार नाही असा. पदविका घेतलेला मी, लाल रंगापासून लांब उभा राहून लाल रंग देत होतो! पुस्तकाला लाल म्हणजे धोका, पाहा इकडे. आमच्या हातांना लाल म्हणजे लावू नको. आणि तुळसाबाईच्या हाताला लाल म्हणजे पाया पड. एक दांडी, आणि ओढणारं कोणीच नाही.

माणूस चुकला की आधी शहाणा होत नाही, आधी चिडतो. मी दुसऱ्या दिवशी बायांना गोळा करून भाषण दिलं. वीज म्हणजे काय, शाफ्ट म्हणजे काय, जीव म्हणजे काय. समजलं का? "समजलं." चांगलं आहे का? "लय चांगलं केलं रे बापा, आमच्यासाठी कोन करते एवढं." हिरीबाईनं तर माझ्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी फुगून गेलो. शेंदूर खरवडला, दांड्यांना हिरवा रंग दिला. सकाळी येऊन पाहतो तर पहिल्या दांडीखाली उदबत्ती. देवला तेलाची बुधली घेऊन उभा. म्हणाला, "हिरवा केला ना तुमी. मले वाटलं मंगरूळच्या पीरबाबाचा हाय." त्या क्षणी मी देवलाला धरून हलवणार होतो. पण तो इतक्या साध्या तोंडानं उभा होता, की माझा राग माझ्यावरच उलटला, आणि मग पहिल्यांदा मला कळलं की मी बायांना विचारतो आणि त्या मला उत्तर देतात. म्हणजे मला बरं वाटावं असं उत्तर देतात. लहानपणापासून झोळीत पाहिलेलं पोर साहेब होऊन आलं, तर त्याला वाईट कोण म्हणेल? विचारून काही उपयोग नव्हता. पाहायला पाहिजे होतं. आणि पाहायचं तर तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं, जे मला आयुष्यात जमलेलं नाही.

म्हणून लवंग. मी जिनाच्या आवारातल्या छपरीत लाकडाचे दोन गोल ओंडके चौकटीत बसवले, वर तशीच एक दांडी लावली, खोटं जिन केलं. देवला दांडा फिरवणार, बाईच्या कमरेला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचा, ती कापूस घालत असताना तुकडा मध्येच ओंडक्यांत जाऊ द्यायचा, आणि बघायचं. मी दाढेखाली लवंग धरून समोर पोत्यावर बसायचो. लवंग तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, असा माझा मलाच नियम. फार कठीण असतं ते. बाई चुकते आणि तुमच्याकडे पाहते, आणि तुमच्या जिभेवर "अहो डावीकडे" हे शब्द तयार असतात. मायनं पाहिलं तेव्हा तर डोळ्यांत पाणी आलं, लवंगेमुळं म्हणा. मी भिंतीकडं तोंड केलं नाही एवढंच. आणि हळूहळू दिसायला लागलं. कोणाचाच हात वर जात नव्हता. दांडी लाल असो, हिरवी असो, नाही तर सोन्याची असो, पदर ओढला गेला की बाई वर पाहतच नाही. एक हात पदर धरतो, अंग मागं जातं, दुसरा हात कमरेच्या उंचीवर बाजूला काहीतरी शोधतो. हवेत. मूठ उघडते आणि मिटते. माझ्या दांड्या डोळ्यांच्या उंचीवर होत्या, आणि त्या वेळी डोळे तिथं नसतात. पुस्तक लिहिणाऱ्याचा पदर कधी अडकला नसावा.

ती मूठ काय शोधते, हे मात्र कळेना. दोन दिवस मी जेवताना, चालताना स्वतःची मूठ उघडत-मिटत होतो, लोक बघायला लागले. मग हिरीबाईचा नंबर आला. तिचं लेकरू छपरीमागं निंबाला बांधलेल्या झोळीत होतं, झोळीची दोरी तिनं आत आपल्या बाजूला घेतलेली. कापूस घालता घालता तुकडा ओंडक्यांत गेला, आणि नेमकं तेव्हाच लेकरू रडलं. हिरीबाईचे डोळे ओंडक्यांवर, डाव्या हातात तुकडा, आणि उजवा हात, तिला न विचारता, न सांगता, बाजूला गेला, झोळीची दोरी धरली आणि ओढली. झोळी हलली. तिला पत्ताही नव्हता. माझ्या दाढेखाली लवंग कचकन फुटली.

झोळीची दोरी! या जिनाच्या भिंतीबाहेर झोळ्या टांगलेल्या असतात आणि त्यांच्या दोऱ्या खिडकीतून आत येतात, बायांच्या कमरेपर्यंत. एका हातानं कापूस, एका हातानं दोरी, हे कित्येक वर्षं चाललेलं आहे. मी त्याच भिंतीबाहेर झोपलेलो आहे. मला आठवत नाही असं म्हणवत नाही. वरचा निंब, आत कुठंतरी सारखा चाललेला खडखडाट, आणि त्या खडखडाटातून दोरीला आलेला हिसका, की लगेच आपण हवेत. म्हणजे तिथं कोणीतरी आहे. मायचा आवाज मशीन खात होती, पण दोरी कधी खाल्ली नाही तिनं. मी पोत्यावरून उठलो आणि देवलाला मिठी मारली. त्याला वाटलं, कसला तरी देव अंगात आला.

चार दिवसांत दांड्यांच्या तारा सोडवून मी जिनांच्या रांगेलगत, कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सुताची दोरी बांधली. कुठूनही ओढा, मोटर बंद, ब्रेक लागला. आणि दोरी ओढून धरलेली असेपर्यंत कोणी काही केलं तरी मोटर चालू होणार नाही. पहिल्याच सकाळी मशीन सुरू झाली आणि बंद पडली. सुरू झाली, बंद पडली. शेठ धावत आला. पाहतो तर माझ्या दोरीवर भाकरीची फडकी बांधलेली, एक ओलं लुगडं वाळत घातलेलं, आणि कोणाचं तरी लेकराचं टोपडं. कमरेच्या उंचीवर ताणलेली दोरी दिसल्यावर बाई दुसरं काय करणार? या वेळी मी भाषण दिलं नाही. मी दोरीच्या टोकाची स्प्रिंग जड केली, भाकरीच्या वजनानं हलू नये आणि हिसक्यानं मात्र हलावी अशी, आणि मागच्या भिंतीला फळी ठोकून खिळे लावले. ज्याला टांगायचं आहे त्याला टांगायला जागा नको का? फडकी त्या दिवशीच खिळ्यांवर गेली, कोणाला सांगावं लागलं नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी घरी जाऊन मायला दोनदा सांगितलं, आणि तिनं दोन्हीदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

तरी एक उरलंच. छपरीतल्या खोट्या जिनालाही मी दोरी लावली होती; बाया ती धरत होत्या, पण ओढण्याआधी मान वळवत होत्या. रतनसिंगकडे. तेवढीच मान, पण तेवढ्यात बोट जातं. मी विचारलं नाही, बघितलं. आणि कळलं की याला स्प्रिंग नाही. मशीन बंद पाडली की रोजी कापली जाते, हे त्यांच्या मानेतच बसलेलं होतं. मग मला एक कारस्थान सुचलं. मी रतनसिंगला म्हणालो, मुकादम, तुमच्याशिवाय चाचणी पुरी होत नाही, शेठला दाखवायचं आहे. तो मिशीवर हात फिरवत ओंडक्यांसमोर बसला. गळ्यात त्याचा नेहमीचा लांब दुपट्टा. देवलानं दांडा फिरवला, आणि लुगड्याच्या तुकड्याऐवजी दुपट्ट्याचं टोकच आत गेलं. रतनसिंग मागं झाला, डोळे मोठे झाले, मूठ हवेत उघडली-मिटली, आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "मुकादऽऽम!" सगळी छपरी हसून लोळली. तुळसाबाई पदर तोंडात घालून हसत होती. देवलानं दांडा सोडला, रतनसिंगनं दुपट्टा सोडवून घेतला, आणि मला वाटलं, आता हा माझी नोकरी घालवतो. तो नुसता स्वतःच्या मुठीकडे पाहत होता. मग उठला आणि बायांवर खेकसला, "हसून काय राह्यल्या? फसलं तर ओढा. मले विचारू नका. माहीच वाट पाहात मी मेलो असतो ना आता!" शेठ म्हणाला ठीक आहे, पाहू. रोजी कापणार नाही, असं तो म्हणाला नाही. पण रतनसिंग म्हणाला, आणि रोजी मांडणारा तोच होता.

दिवाळी झाली, केनवडकडच्या, धनजकडच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या. जिनात रुईचे कण इतके उडू लागले की समोरची बाई धुक्यातून दिसावी. मी रोज काही ना काही निमित्त काढून आत जायचो आणि दोरीकडे पाहायचो. ती कधी ओढली जाऊ नये असं वाटायचं. खोटं कशाला सांगू, ओढली जावी असंही वाटायचं. आणि मग एक दिवस, भर दुपारी, मी वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन दाराशी उभा असताना हिरीबाईच्या ओढणीचं टोक रोलरात गेलं. जाड कापड, आरशांनी जडलेलं, फाटणारं नव्हतं. तिची मान खाली ओढली गेली. तिनं दोन्ही हातांनी ओढणी धरली होती; तिसरा हात कुठून आणणार? ती ओरडली असेल. मला नुसतं तिचं उघडं तोंड दिसलं. मी पळालो, पण मी दाराशी होतो आणि माझं अंतर फार होतं. आणि तेवढ्यात दोन जिनं पलीकडे मायचा डावा हात, अर्ध्या करंगळीचा हात, बाजूला गेला. तिनं मान वळवली नाही. तिनं दोरी ओढली.

शांतता झाली. त्या जिनात मी भर हंगामात दुपारी कधी शांतता ऐकली नव्हती. पट्टे थांबले, रोलर थांबले, रुई हवेत होती तिथंच राहून खाली यायला लागली. छतात चिमण्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर एक झोळी किरकिरत होती. हिरीबाईचा गाल रोलरपासून वीतभर दूर होता आणि ती श्वास घेत होती, मोठमोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असा. तुळसाबाईनं धावत जाऊन तिचं डोकं छातीशी धरलं.

मग चपलांचा आवाज आला. शेठ. बाहेर गाड्यांची रांग, आत सगळं बंद. "कोनं बंद केली मशीन?" तो दारातूनच ओरडला. रतनसिंग पुढं झाला, पण त्यानं बोलण्याआधी माय म्हणाली, "म्या." तिचा आवाज मोठा नव्हता. पण आता तो खायला काही चालू नव्हतं, आणि तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्वच्छ गेला. शेठनं हिरीबाईकडं पाहिलं, ओढणीकडं पाहिलं, तो जरा खाली आला. म्हणाला, "बरं केलं. चाल, सोड आता दोरी. गाड्या खोळंबल्या." मायच्या हातात दोरी ताणलेली होती. ती सोडेपर्यंत मोटर चालू होणार नव्हती. शेठला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिलाही. देवला ओढणी सोडवत होता, एकेक आरसा जपून. मला ओरडावंसं वाटलं, माय, धरून ठेव, सोडू नको. माझ्या दाढेखाली लवंग होती. सवयच लागली होती.

मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शेठकडे पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "तिले पानी पिऊ द्या."

आणि शेठ थांबला. रतनसिंग थांबला, मोटरवाला थांबला, फाटकाबाहेरच्या सगळ्या गाड्या थांबल्या. खांबांवरच्या माझ्या हिरव्या दांड्या, आता कशालाच न जोडलेल्या, आपापल्या उदबत्त्यांसकट थांबल्या. तुळसाबाई एरवी वेगळा ठेवलेला मायचाच तांब्या उचलून हिरीबाईच्या तोंडाला लावत होती, आणि हिरीबाई घोट घोट, सावकाश, पोटभर पाणी प्यायली. मी लवंग चावून गिळून टाकली.